अंगावर एक, दांडीवर एक

वाघाडी नदीच्या काठावरचं घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, ज्वारी, मधेच सागाचं रान आणि दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण. इथे नवा कपडा कधी घ्यायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या कापसानं ठरवलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटतात, पहिल्या वेचणीच्या वेळी बाया वावरात सीतादहीची पूजा मांडतात, गाड्या भरून कापूस जीनवर जातो आणि चुकारा हाती पडला की मग कुठे कापडाच्या दुकानाची पायरी चढली जाते. चुकारा लांबला तर दिवाळी जुन्या लुगड्यावर होते. पोरांपुरतं काहीतरी घेतलं जातं, मोठ्यांचं माघातल्या लग्नसराईवर ढकललं जातं.

खेड्यातल्या घरात लोखंडी कपाट आलं ते अलीकडे. त्याआधी होती दांडी, म्हणजे आढ्याला दोन दोरांनी आडवा टांगलेला बांबू. रोजचे कपडे दांडीवर, बाजाराला जायची बंडी आणि टोपी खुंटीवर आणि कार्यातलं लुगडं संदुकीत, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात. घरातल्या कोणापाशी काय आहे, हे आल्यागेल्याला एका नजरेत दिसायचं. कास्तकाराकडे धोतराची दोन पानं, दोन बंड्या, एक पागोटं, खांद्यावरचा दुपट्टा, एक घोंगडी आणि वहाणा. बाईकडे रोजची दोन लुगडी, तीनेक चोळ्या आणि लग्नातलं एक जपून ठेवलेलं. धोतर बाजारातही जोडीनंच विकलं जाई. एक पान अंगावर, दुसरं धुऊन दांडीवर. आज 'मोजके पण सगळीकडे चालतील असे कपडे' या विषयावर शहरात पुस्तकं निघतात. घाटंजीच्या आजीनं तो हिशेब पुस्तकाशिवाय मांडला होता, मात्र त्यात हौसेपेक्षा टंचाईचा वाटा मोठा होता, हे विसरून चालणार नाही. गरिबीला साधेपणाचं नाव देऊन तिचं कौतुक करणं हा अन्याय आहे.

तरीही त्या हिशेबात एक शहाणपण होतं. कपडा कोणत्या कामाचा, हे आधी ठरायचं. वावराचा, बाजाराचा आणि कार्याचा अशा तीन वाटण्या होत्या आणि त्यांची सरमिसळ होत नसे. कार्यातलं लुगडं जुनं झालं की बाजाराला, बाजाराचं विटलं की वावरात. वरून खाली अशी ही उतरण चालायची. वावरासाठी मुद्दाम नवा कपडा कोणी विकत घेत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढे तिची किंमत मोजावी लागली.

लुगड्याचा जन्म ते मरण हा प्रवास जवळून बघण्यासारखा आहे. नऊ वारांचं, म्हणजे अठरा हातांचं कापड. काष्टा घालून दिवसभर वाकायचं, बसायचं, निंदायचं, त्यामुळे ते आधी मधोमध विरायचं. मग विरलेला भाग कापून काढायचा, दोन्ही धड तुकड्यांची टोकं उलटी फिरवून मधे शिवण घालायची. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्ष-दीड वर्ष निघे. त्यानंतर त्याच्यातून बाळाची दुपटी आणि पाळण्याची झोळी व्हायची. कापूस वेचायला कमरेला बांधायची ओटी त्यातूनच निघायची. मऊ झालेले तुकडे एकावर एक अंथरून, बारीक धावदोरा घालत उन्हाळ्यात गोधडी शिवली जायची. काठ वेगळे काढून ठेवत, कारण काठ सगळ्यात टिकाऊ. त्याचे बंद होत, पिशव्यांना पट्टे होत. अगदी शेवटी पोतेरं, सारवणासाठी. एवढं झाल्यावरच ते कापड मातीत जाई. आणि ते खरोखर मातीत जाई, कारण ते सुताचं होतं.

हे सूत कुठून यायचं? एकेकाळी इथूनच. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातला बनी जातीचा कापूस लांब आणि मऊ धाग्यासाठी नावाजलेला होता. हिंगणघाटची बनी तर विलायतेपर्यंत माहीत होती. घरोघरी रेच्यावर सरकी काढत, पिंजारी कापूस पिंजून देई, बाया सूत कातत. जाडंभरडं टिकाऊ कापड गावोगावचे महार विणकर विणत, तर तलम लुगडी आणि रेशीमकाठी धोतरं कोष्ट्यांच्या मागावर निघत. नागपूर, उमरेड, पवनी ही त्याची मोठी ठिकाणं. लाल रंग आली नावाच्या वनस्पतीच्या मुळांपासून काढला जाई. जर्मनीत १८६९च्या आसपास प्रयोगशाळेत कृत्रिम लाल रंग तयार झाला आणि पुढच्या काही दशकांत आलीची शेती आणि तिच्यावर जगणारे रंगारी दोन्ही बसले.

विणकरांवरचा घाला त्याच्याही आधी आला होता. १८५३मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडून मँचेस्टरला जाणारा कापूस थांबला आणि गिरणीमालकांची नजर इकडे वळली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त असं खास पद निर्माण झालं. त्या पदावरच्या हॅरी रिव्हेट-कारनॅकनं आपल्या लिखाणात मनातलं उघड मांडलं आहे: आगगाडी आली की स्वस्त विलायती कापड इथे उतरेल, मागावर खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि विणकाम सोडलेले हात शेतीला लागतील. १८६७मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. त्याच सुमारास, १८६४मध्ये, आजच्या यवतमाळचा पूर्वज असलेला वणी जिल्हा आखला गेला. १९०५च्या फेररचनेत त्याचं नाव यवतमाळ झालं. इकडचा कापूस बैलगाड्यांनी धामणगावच्या स्टेशनावर जाऊ लागला. त्याच आगगाडीनं कापडाचे ताके इकडे येऊ लागले. कापूस पिकवणाऱ्या मुलखातला माणूस आपल्याच कापसाचं कापड परक्या गिरणीकडून विकत घेऊ लागला, त्याला आता दीडशे वर्षं झाली.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि निदान कापड तरी जवळचं झालं. माग मोडलेले कितीतरी विणकर याच गिरण्यांत मजूर म्हणून उभे राहिले. घाटंजीच्या बाजारात मांजरपाट, लठ्ठा, हरक, मलमल हे ताके मिळू लागले ते या काळात. गिरणीचं धोतर मागावरच्या धोतरापेक्षा पातळ आणि स्वस्त. टिकायला कमी, पण दोनाच्या जागी तीन घेता येत. संख्येचा मोह तेव्हापासूनचा.

शिंप्याचं महत्त्वही याच सुमारास वाढलं. जुन्या वेशात शिवणकाम थोडंच होतं, धोतर, लुगडं, दुपट्टा, पागोटं सगळं नुसतं गुंडाळायचं. शिवायची ती चोळी आणि बंडी. शिवणयंत्र आलं तसा सदरा आला, विजार आली, मुलांच्या चड्ड्या आल्या. लग्नघरी शिंप्याला बोलावून ओसरीवर यंत्र मांडायची पद्धत होती. घरातल्या सगळ्यांची मापं एकदम घेतली जात आणि उरलेल्या चिंध्यांवर घरातल्या मुलींचा हक्क. पण शिंप्याची खरी कारागिरी बंडीत दिसे. बिनकॉलरची, सुती, छातीशी बंद होणारी बंडी दिसायला साधी. तिच्या आतल्या अंगाला चोरखिसा असे. जीनवरून निघताना चुकाऱ्याच्या नोटा त्या खिशात जात आणि वरून दुपट्टा. बाहेरच्या खिशात चंची. उन्हात घाम शोषणारी, थंडीत सदऱ्याखाली चालणारी, दोन्ही हात मोकळे ठेवणारी बंडी हे या भागातलं सर्वांत विचारपूर्वक बेतलेलं वस्त्र म्हणावं लागेल.

सालदाराच्या कपड्याचा हिशेब मात्र त्याच्या हातात नसे. गुढीपाडव्याला साल ठरायचं. धान्य आणि रोकड यांच्याबरोबर धोतरजोडा, वहाणा, कुठे घोंगडी असं बोलीत असायचं. पोळ्याला बैलावर नवी झूल पडे, सालदार बैल घेऊन घरोघर फिरे, बोजारा मिळे आणि दिलदार मालक असला तर नवा कपडाही. माणसाच्या अंगावरचा कपडा दुसऱ्याच्या मर्जीवर असणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलं त्यांना ते पोळ्याच्या दिवशी नेमकं कळत असणार.

याच तालुक्यात वेश एकच नव्हता. बंजारा तांड्यावरच्या बाईचा घेरदार फेटिया, आरसे जडवलेली कांचळी, कपाळावरून मागे जाणारी ओढणी आणि केसांतल्या घुगरी-टोपली हा वेगळाच संसार. फेटिया म्हणजे भरतकामाचा खजिना. तो पिढीत एकदा शिवायचा आणि दुरुस्त करत वापरायचा. गोंड आणि कोलाम बाया गुडघ्यापर्यंतचं आखूड लुगडं नेसत. रानात चालायला आणि काट्याकुट्यांतून वाट काढायला तेच सोयीचं. दागिन्यांची हौस पुष्कळशी गोंदणावर भागे. तांड्यावरच्या तरुण मुली आता पंजाबी ड्रेस घालतात, फेटिया सणाला आणि सेवालाल महाराजांच्या जयंतीला बाहेर निघतो.

विसाव्या शतकात कपड्याला आणखी एक अर्थ आला. डिसेंबर १९२०च्या नागपूर काँग्रेसनंतर खादी आणि पांढरी टोपी विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पोचली. १९३४पासून गांधीजी वर्ध्यात आणि १९३६पासून सेवाग्रामात राहू लागले, तेव्हा चरखा आणि टकळी इथल्या कार्यकर्त्यांच्या घरात शिरली. पागोटं मागे पडून टोपी डोक्यावर आली, त्याचं एक कारण राजकारण आणि दुसरं अगदी व्यवहाराचं होतं. पागोट्याला लांबलचक कापड लागतं, टोपी वीतभर कापडात होते आणि रोज धुता येते.

याच मुलखात, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर चिंध्या जोडून शिवलेलं वस्त्र अंगावर वागवलं. लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणत. त्या वस्त्रावर त्यांचा झाडू आणि कीर्तन दोन्ही शोभले. पण ज्यांना शतकानुशतकं चिंध्याच वापरायला लावल्या होत्या, त्यांना कोणी चिंध्यांचा मोठेपणा सांगण्यात अर्थ नव्हता, आणि हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखलं. डिसेंबर १९२७मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांसाठी वेगळं भाषण केलं. लुगडं इतर स्त्रियांसारखं खालपर्यंत नेसा, जातीची खूण म्हणून लादलेल्या जड गळसऱ्या आणि पाटल्यांचे ढीग टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ असू द्या, असं त्यांचं सांगणं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक शुभ्र वस्त्रांत आले. घाटंजी परिसरातल्या बौद्ध घरांत आजही पांढरी साडी आणि पांढरा सदरा वेगळा जपून ठेवलेला असतो, १४ एप्रिलसाठी, बुद्ध पौर्णिमेसाठी, अशोक विजयादशमीसाठी. कपाटातल्या सगळ्या कपड्यांत ज्याच्यामागे सर्वांत मोठा निर्णय उभा आहे असा तो कपडा.

दुसऱ्या महायुद्धात कापडाचं दुर्भिक्ष झालं. १९४३मध्ये सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं आणि लोकांना रांगेत उभं राहून कापड घ्यायची वेळ आली. पुढे स्वातंत्र्यानंतरही 'कंट्रोलचा कपडा' हा शब्द दशकानुदशकं टिकला. स्वस्त धोतर, जाड साडी, ठरलेल्या किमतीला. २०२३च्या वस्त्रोद्योग धोरणानुसार अंत्योदय शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला एक साडी रेशन दुकानातून मिळू लागली. शाळेतल्या मुलांना सरकारी योजनेतून दोन गणवेश मिळतात. दोनच. जुन्या दांडीवरचा आकडा सरकारी कागदातही तसाच उतरला आहे.

खरा पालट झाला तो टेरिलीन आणि टेरीकॉटनं. १९६०च्या दशकाच्या शेवटी हे कापड शहरात दिसू लागलं आणि सत्तरीत खेड्यातल्या नवरदेवाच्या अंगावर आलं. न चुरगळणारं, धुतलं की तासाभरात वाळणारं, वर्षानुवर्षं रंग न सोडणारं. बाईच्या दृष्टीनं नायलॉन आणि पॉलिस्टरची सहावारी साडी म्हणजे नऊवारीच्या ओझ्यातून सुटका. विहिरीवर धुवायला हलकी, दंड घालायची कटकट नाही. याला मोह म्हणून हिणवणं सोपं आहे. रोज डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बाईला लवकर वाळणारं कापड हवंसं वाटलं, यात तिचं काय चुकलं? मात्र १९७२मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली, कापसाच्या भावावर आंदोलनं झाली, त्या सगळ्या वर्षांत कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावरचं सूत कमी कमी होत गेलं. १९९६मध्ये यवतमाळजवळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिम कारखाना सुरू झाला. जगभर जाणारं जीन्सचं कापड जिल्ह्यात विणलं जाऊ लागलं आणि जीन्स घाटंजीच्या पोरांचा रोजचा वेश झाली.

कपड्यांच्या या सगळ्या हिशेबात सर्वांत मोठा खर्च होतो तो बस्त्यावर. लग्न ठरलं की बस्ता फाडायला दोन्ही घरची मंडळी दुकानात बसतात. गादीवर पांढरी चादर, चहा, समोर साड्यांचे ढीग, आणि घरातल्या जाणत्या माणसाच्या हातात यादी. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, आईला, मावशीला, आत्याला मानाची, करवल्यांना वेगळी, मामाला टोपी-दुपट्टा, सोयऱ्यांना शर्ट-पँटचं कापड. कोणाची साडी किती रुपयांची, यावरून रुसवे ठरतात. पैसा पुष्कळदा उधारीचा, पुढच्या कापसाच्या भरवशावर. आहेरात आलेली साडी घडीसकट दुसऱ्या लग्नात आहेर म्हणून जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. आज तालुक्यातल्या साध्या घरातही कपाट उघडलं तर न नेसलेल्या आहेराच्या साड्यांची थप्पी दिसेल. वीस साड्या कार्याच्या, चार बाजाराच्या. आणि वावरासाठी?

वावरासाठी अजूनही उतरण. कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर बघा. जुनी सिंथेटिक साडी, तिच्यावर नवऱ्याचा किंवा मुलाचा टाकलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेली दस्ती, कमरेला ओटी. हा शर्ट तिनं स्वतः शोधून काढलेला उपाय आहे. बोंडांची वाळलेली टोकं हातांना ओरखडे काढतात, ऊन दंड भाजतं. बाह्या दोन्ही रोखतात. तिच्या गरजेचा कपडा कुठल्याही दुकानात तयार मिळत नव्हता, म्हणून तिनं तो घरातल्या टाकाऊतून उभा केला. पावसाळ्यात पोत्याचा घोंगता, हिवाळ्यात त्याच शर्टावर विटलेलं स्वेटर.

पुरुषाचं तसंच, आणि तिथे मामला जिवाशी आला. २०१७च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती, फवारा तोंडावर आणि छातीवर उडत होता. अंगात बनियन, फाटका शर्ट, पाय उघडे. सरकारनं विशेष चौकशी पथक नेमलं. औषधांची मिश्रणं, पंप, विक्रेते यांच्यावर पुष्कळ बोललं गेलं आणि ते गरजेचं होतं. मास्क, चष्मा, हातमोजे असलेले संच वाटले गेले. उकाड्याच्या दिवसांत प्लॅस्टिकचा एप्रन घालून पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणं कठीण, म्हणून कितीतरी संच घरी पडून राहिले. हवा आहे तो घाम शोषणारा, जाड सुताचा, पूर्ण बाह्यांचा, गळ्याशी बंद होणारा सदरा आणि लांब विजार, आणि असे दोन जोड. एक अंगावर, एक वाळत. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवायचे असतात, म्हणून दुसरा जोड लागतोच.

असा जोड शिवायला घाटंजीत शिंपी आहेत, कापूस तर अंगणात आहे. नाही ते फक्त बस्त्याच्या यादीत आणि सालाच्या बोलीत त्याला स्थान. ज्यांच्या घरी सालदार आहे, ज्यांच्या वावरात रोजानं बाया येतात, त्या वाचकांनी येत्या पाडव्याला साल ठरवताना फवारणीचे दोन सुती जोड आणि वेचणाऱ्या बायांसाठी पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट बोलीत धरावेत. आणि घरात लग्न असेल तर मानाच्या साड्यांतल्या दोन कमी करून तो पैसा इकडे वळवावा. फवारणी सुरू व्हायच्या आधी हे कपडे शिवून तयार असायला हवेत.